पात्यावरचं धुकं

ही सुरी हातोहात पुढे द्या, पण पाहताना पातं खिडकीकडे तिरकं धरा. धारेलगतची गव्हाच्या दाण्याएवढी रुंद पट्टी काळसर चमकते आहे. तिच्या वरचा भाग मात्र फिकट राखाडी, पहाटेच्या शेतासारखा. जपानी कारागीर या रूपाला ‘कासुमी’ म्हणतात. कासुमी म्हणजे धुकंच. हा मुलामा नाही, रंगही नाही. इथे फक्त धार लावायचा दगड आणि पाणी आहे.

हे धुकं येतं कुठून? पातं दोन धातूंचं आहे. धारेला कडक पोलाद, पाठीला मऊ लोखंड. एकाच दगडावर दोन्ही घासले, की मऊ लोखंडावर असंख्य बारीक ओरखडे उमटतात आणि त्यांवरून उजेड विखुरतो. कडक पोलाद तेवढं ओरखडत नाही, म्हणून ते चमकतं.

दगडावर जमणारा लगदा धुऊन टाकू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. सहाणेवर गंध उगाळताना आपण ते वाहू देतो का? तसंच हे. घासता घासता लगद्यातले कण आणखी बारीक होतात आणि धुकं एकसारखं पसरतं. क्योतोच्या डोंगरांतले नैसर्गिक दगड याचसाठी नावाजलेले आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे ते दगड. तिथल्या बहुतेक खाणी आता बंद आहेत, त्यामुळे चांगला दगड फार महाग पडतो.

असा एक दगड मी बरीच वर्षं पैसे साठवून घेतला आणि पहिल्याच सुरीवर निराश झालो. धुक्यातून एक लांब, तिरकी रेघ डोकावत होती. दोष या दगडाचा नव्हताच. दगडाचा नंबर जितका मोठा, तितके त्याचे कण बारीक. ती रेघ ४०० नंबरच्या खरबरीत दगडाची होती आणि १००० नंबरच्या दगडावर मी ती पुरती काढलीच नव्हती. तेव्हापासून माझा निम्म्याहून जास्त वेळ १००० नंबरवर जातो. दगड बदलला की घासण्याची दिशाही बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा आडव्या दिसतात आणि लपत नाहीत. ३००० वर जायची घाई करायची नाही.

दगड मात्र सपाट हवा. मध्ये खोलगट झालेला दगड पात्यालाही बाक देतो. पात्यातच खळगा असेल तर तिथे दगड टेकत नाही आणि तेवढा डाग वेगळा दिसतो. तलवारींना झिलई देणारे कारागीर यासाठी दगडाची पातळ चकती कागदावर चिकटवतात आणि अंगठ्याखाली धरून फिरवतात. ती खळग्यातही पोचते.

शेवटचे हात अगदी हलके, नुसतं पात्याचं वजन पडेल एवढे. मग लगेच कोरडं पुसा. हे पोलाद ओलं राहिलं तर काही मिनिटांत तांबूस ठिपके धरतं. आता ज्यांना हात चालवून पाहायचा आहे, त्यांनी या टेबलापाशी या. १००० चा दगड भिजवून ठेवला आहे.