चिप गार, मेमरी गरम

(दादर येथे मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, ग्राफिक्स कार्डासाठी, म्हणजे संगणकात पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागासाठी, वेगळा कूलर कसा निवडावा हा आजचा विषय आहे. पण त्याआधी या सभागृहातल्या हवेकडे तुमचे लक्ष वेधतो. डोक्यावरचे पंखे पूर्ण वेगाने फिरत आहेत, तरी भिंतीवरचा तापमापक ३३ अंश दाखवतो आहे. पंखा खोली गार करत नाही, अंगाजवळची गरम हवा तेवढी हटवतो. हवेवर चालणारा प्रत्येक कूलर हेच करतो आणि म्हणून चिपला तो खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. परदेशातल्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. उघड्या टेबलावर, २३ अंशांच्या खोलीत एखादे कार्ड ६५ अंशांवर स्थिरावत असेल, तर आपल्या उपयोगाचा आकडा ६५ नव्हे, ४२ अंशांची वाढ हा आहे. त्यात आपले ३३ मिळवले की ७५ होतात, आणि कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाच्या डब्यात, कोंडलेल्या हवेचे पाच-सात अंश त्यावर वेगळे चढतात.

पण हा हिशोबही अपुरा आहे, कारण तो फक्त कार्डावरच्या मधल्या, मुख्य चिपचा आहे. हे मी कसे शिकलो ते सविस्तर सांगतो.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांनी आकडेमोड करून चलन मिळवणे, बंद झाले आणि वर्षानुवर्षे रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून मी त्यांतलेच एक रेडिऑन आरएक्स ५८० घेतले. कार्ड १८५ वॅटचे, त्याच्या मधल्या चिपभोवती मेमरीच्या ८ चिप्स आणि कडेला वीज नियंत्रित करणारा भाग, ज्याला आपण व्हीआरएम म्हणतो. काम करताना ते ८१ अंशांवर जाई आणि पंखे इतके घोंगावत की शेजारच्या खोलीत मुलीला अभ्यास करता येईना. दुकानदाराने तीन पंख्यांचा मोठा कूलर सुचवला. मेमरीचे काय, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मेमरीला काही लागत नाही, खोक्यात छोट्या हीटसिंक आहेत, त्या चिकटवून टाका." हीटसिंक म्हणजे चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा तुकडा. त्या मी चिकटवल्या. चिप ५९ अंशांवर आली आणि घरात शांतता झाली. आठ दिवस मी भेटेल त्याला तो आकडा सांगत होतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुलगी शाळेच्या प्रकल्पाचा व्हिडिओ तयार करत असताना पडद्यावर रंगीत चौकोन उमटले आणि संगणक थिजला. कॅबिनेट उघडले, तर एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, झाकणावर मेमरीवरून निखळलेली ॲल्युमिनियमची एक छोटी हीटसिंक पडलेली होती. तीच मी आज सोबत आणली आहे. पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. तिची टेप अजून शाबूत आहे, पण तिच्यावर बोट फिरवले तर तेलकट लागते. कार्डावरच्या जुन्या थर्मल पॅडमधून, म्हणजे चिपची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या मऊ पट्टीतून, वर्षभर झिरपलेले सिलिकॉनचे तेल मेमरीवर साचले होते, आणि मी ते कोरड्या कापडाने नुसते पुसले होते. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलच हवे होते. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवे बसते आणि त्याचा चिप्सचा चेहरा जमिनीकडे असतो. म्हणजे त्या आठही हीटसिंक केवळ टेपच्या भरवशावर उलट्या लटकत होत्या. ती एक मदरबोर्डवर पडली असती, तर शॉर्ट सर्किट होऊन सगळाच संगणक गेला असता.

माझी तक्रार त्या दुकानदारापुरती नाही. खोक्यावर, जाहिरातीत आणि आपल्या गप्पांत एकच आकडा चालतो, तो मधल्या चिपचा. माझ्या कार्डावर मेमरीचे तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नव्हते, त्यामुळे जे बिघडत होते ते मला दिसण्याची सोयच नव्हती. मूळ कूलरची पट्टी मेमरीला आणि व्हीआरएमला पॅडमधून टेकलेली असते. ती काढून आपण फक्त चिपची सोय करतो, तेव्हा बाकीच्यांची आहे ती सोयही मोडतो. जीडीडीआर६एक्स या जास्त तापणाऱ्या मेमरीच्या कार्डांत हे फारच भोवते. आरटीएक्स ३०९० या कार्डात २४ पैकी १२ मेमरी चिप्स कार्डाच्या पाठीवर आहेत आणि ११० अंशांना ती मेमरी स्वतःचा वेग उतरवते. पुढच्या बाजूने कितीही मोठा कूलर लावला, तरी पाठीमागच्या त्या बारांना त्याचा थेट उपयोग नाही.

आयोजकांकडून दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे निवडीचा भाग आता भराभर सांगतो.

आधी काहीच विकत घेऊ नका. आहे तोच कूलर उतरवून धूळ काढा, नवी थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमध्ये लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप) आणि मूळ जाडीचेच पॅड लावा. १ मिलिमीटरच्या जागी दीड घातला, तर मेमरी टेकते पण मधली चिप अधांतरी राहते. मग सॉफ्टवेअरमधून विजेची मर्यादा थोडी उतरवून पाहा. एवढ्यावर अनेकांचे काम भागते.

तरीही आवाज सतावत असेल, तर मूळ हीटसिंक ठेवा आणि पंखेच बदला. प्लास्टिकचे आवरण आणि छोटे पंखे काढून १२० मिलिमीटरचे दोन पंखे त्याच हीटसिंकवर बांधायचे. मेमरी आणि व्हीआरएमचा संपर्क जसाच्या तसा राहतो. पंख्याची पिन कार्डावर छोटी असते, तिचा अडॅप्टर लागतो. मुंबईसाठी माझी पहिली पसंती हीच आहे.

पूर्ण कूलर बदलायचाच असेल, तर चिपभोवतीच्या स्क्रूच्या भोकांमधले अंतर स्वतः मोजा, कारण चिप एकच असली तरी प्रत्येक कंपनीचा बोर्ड सारखा नसतो. जागाही मोजा: एक स्लॉट, म्हणजे मदरबोर्डवरची एक कार्ड बसवायची जागा, २०.३२ मिलिमीटरचा असतो, आणि रायजिनटेक मॉर्फियससारख्या हीटसिंकवर २५ मिलिमीटर जाडीचे पंखे चढवले की खालचे स्लॉट गेलेच म्हणून समजा.

पाण्याच्या कूलिंगमध्ये बोर्डाच्या नेमक्या मॉडेलसाठी घडवलेला, मेमरी आणि व्हीआरएमलाही टेकणारा ब्लॉक, म्हणजे आतून पाणी खेळणारा धातूचा ठोकळा, घ्या. तांब्याच्या ब्लॉकला ॲल्युमिनियमचा रेडिएटर (ते पाणी गार करणारी जाळी) जोडू नका, ॲल्युमिनियम गंजत जाते. बर्फ किंवा पेल्टिअरच्या (विजेवर एक बाजू थंड करणाऱ्या चकतीच्या) वाटेला इथे कुणी जाऊ नये, कारण आपल्या दमट हवेत पृष्ठभाग २५ अंशांच्या थोडा खाली गेला तरी त्यावर पाणी धरू शकते.

शेवटचे स्क्रूबद्दल. चारही स्क्रू आधी हलके बसवा, मग तिरके समोरासमोरचे दोन-दोन घेऊन पाव-पाव फेरा आवळा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर कार्ड डोळ्यांच्या रेषेत धरून ते वाकत नाही ना हे पाहा.