पुळणीतली द्राक्षं

पत्रिकेत 'वाइन' हा शब्द वाचून आज मागच्या रांगाही भरल्या आहेत. त्यांच्यासाठी आधीच सांगतो, इथे चाखायला काही आणलेलं नाही. बोलायचं आहे ते वाळूबद्दल.

पोर्तुगालमध्ये, लिस्बनच्या पश्चिमेला, सिंत्राच्या डोंगरापलीकडे, अटलांटिकच्या काठावर कोलारेस नावाचा टापू आहे. युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक तिथून जवळच. तिथल्या एका घरगुती वायनरीत मी पांढरी वाइन प्यायलो. वायनरी म्हणजे काय, तर घराला लागून एक दगडी खोली, जुनी लाकडी पिंपं आणि हिशेबाची वही घेऊन बसलेल्या सत्तरीच्या बाई. द्राक्षाचं नाव माल्वाझिया. हे नाव लावणारी द्राक्षं युरोपात ढीगभर आहेत; ही मात्र कोलारेसचीच. फिकट सोनेरी रंग, लिंबाच्या सालीचा वास, आणि घोट गिळल्यावर ओठांवर मीठ. मला वाटलं, वाऱ्याने आलेला खार असेल. ओठ पुसून पुन्हा घोट घेतला. पुन्हा मीठ.

बाईंनी मळा दाखवला तेव्हा मी चक्रावलो. आपल्याकडे नाशिक-सांगलीचे द्राक्षमळे पाहिलेल्या माणसाला मांडव हवा, तारा हव्यात. इथे वेली सरळ पुळणीवर पसरलेल्या! समुद्राचा वारा एवढा, की उभी वेल टिकायचीच नाही. म्हणून बोरूचे कूड घालून छोटे छोटे चौकोन केलेले आणि वेली त्यांच्या आडोशाला. उन्हाळ्यात वाळू तापली की घड भाजू नयेत म्हणून प्रत्येक फांदीखाली वीतभर काटकी टेकवायची. वाकून, एकेक करून. ट्रॅक्टर तिथे शिरूच शकत नाही.

मूळ धरायला वरची वाळू काही कामाची नाही. वेलीचं मूळ लागतं खालच्या चिकणमातीत. ती कुठे मीटर-दोन मीटरवर लागते, कुठे त्याहून कितीतरी खोल. पूर्वी खड्ड्यात उतरणारे गडी डोक्यावर टोपली घालायचे. कड ढासळलीच तर टोपलीत दोन श्वास उरावेत म्हणून. एकदा मूळ धरलं की पुढची वेल दाब देऊन, म्हणजे फांदी जमिनीत पुरून, वाढवायची. दाब कलम तुम्हाला मी काय सांगणार!

आता, एवढा उपद्व्याप कशाला? 1860च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची माव्यासारखी कीड फ्रान्समध्ये आली आणि मुळं खात युरोपभर पसरली. उपाय सापडला तो आपल्या ओळखीचा. रायवळच्या रोपावर आपण हापूस बांधतो, तशी अमेरिकन खुंटावर युरोपची वेल बांधायची. आज युरोपातल्या बहुतेक वेली अशा परक्या मुळांवर उभ्या आहेत. कोलारेसच्या वाळूत मात्र त्या किडीला पुढे सरकताच आलं नाही. तिथली वेल अजून स्वतःच्या मुळावर आहे. ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं, तिनेच वाण राखला.

किडीने जे केलं नाही ते प्लॉटवाल्यांनी केलं. लिस्बनहून तासाभरात गाडी पोचते, समोर समुद्र दिसतो. मग द्राक्षं कोण लावणार? एके काळी शेकडो हेक्टर होते, आता जेमतेम दोन-तीन डझन उरलेत. मी हसत नाहीये, कारण आपल्या सिंधुदुर्गात शिरोड्यापासून आचऱ्यापर्यंत किनाऱ्यावरच्या जागेचा भाव गुंठ्यावर कसा निघतो, ते इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणून आपणही ती बिनकामाची मानतो. सुरूची झाडं लावतो आणि गिऱ्हाईक शोधतो.

इथे द्राक्षं लावायची का, असं कुणी तरी विचारणारच. नका लावू. आपल्या पावसात आणि दमटपणात डाऊनी नावाची बुरशी मळा संपवेल, आणि औषध फवारण्यातच पैसे जातील. पांढऱ्या वाइनची हौसच असेल तर काजूच्या बागेत जा; बोंडाच्या रसाचीही वाइन होते. शेजारच्या गोव्याच्या काजू फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे बी काढून घेतली की किती तरी बोंडं झाडाखालीच कुजतात. रसाचा तुरटपणा काढावा लागतो, बोंड दिवसभरात वापरावं लागतं, परवान्याचे कागद वेगळेच. काम किचकट आहे, पण खड्ड्यात टोपली घालून उतरण्याइतकं नाही.

आता प्रश्न विचारा. त्या बाटलीचा भाव सोडून काहीही विचारा. पहिल्या रांगेत आमच्या घरची मंडळी बसली आहेत.