मांजानं नस कापली, आता हळद घेऊ का?

नमस्कार मंडळी! संक्रांत झाली का माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न. मांजानं मनगट कापलं, टाके पडले, पण बोटं बधिर आहेत, तर हळद घेऊ का, ग्रीन टी घेऊ का. दरवर्षी नागपुरात हेच. नायलॉन मांजावर बंदी आहे म्हणे, असू द्या, तो वेगळा व्हिडिओ होईल.

बेसिक पटकन सांगतो. नस म्हणजे इथं रक्तवाहिनी नव्हे, बोटांना जाणीव देणारा मज्जातंतू. तिला मार लागला की तिथं सूज येते, फ्री रॅडिकल म्हणजे पेशींना इजा करणारे रेणू वाढतात, बाजूच्या चांगल्या पेशीही खराब होतात. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन हे तो मारा कमी करतात, आणि उंदरांमध्ये नस लवकर सुधारल्याचे पेपर पुष्कळ आहेत. हे तुम्ही रीलवर पाहिलंच असेल.

आता रीलवाले जे सांगत नाहीत ते. त्या उंदराची नस बहुतेक वेळा चिमट्यानं दाबलेली असते, कापलेली नसते! आतले धागे तुटतात पण बाहेरची नळी शाबूत राहते, मग नवीन धागा त्याच नळीतून पुढं सरकतो. मांजानं नळीच कापली, दोन टोकं लांब गेली, तर हळद ती टोकं जवळ आणणार आहे का? तिथं सर्जनच लागतो, आणि लवकर लागतो.

बरं, दाबलेलीच आहे समजा. उंदराला औषध मार लागल्यावर लगेच सुरू करतात. तुम्ही विचारता सहा महिन्यांनी.

आणि डोस बघा ना भाऊ. उंदराला, म्हणजे प्रयोगातल्या मोठ्या रॅटला, किलोमागं 100 मिलिग्राम कर्क्युमिन, तेही बरेचदा पोटात इंजेक्शननं. माणसासाठी शरीराच्या आकाराच्या हिशेबानं ते साधारण 6 नं भागायचं, तर 60 किलोच्या माणसाला जवळपास 1 ग्राम. हळदीत कर्क्युमिन असतं 3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे रोज 30 ग्रामच्या वर हळद, आणि तुम्ही दुधात टाकता चिमूटभर! एक ताई कमेंटमध्ये चिडल्या, आमची वायगावची हळद आहे, तिच्यात जास्त असतं. असतं ना ताई, दुप्पट धरा, तरी 15 ग्रामच्या वर होतात. हळदीसोबत मिरी घेतली तर जास्त लागू पडेल का, हेही सगळे विचारतात. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्राम कर्क्युमिनसोबत मिरीतलं पाइपरिन 20 मिलिग्राम दिलं तर रक्तात ते 20 पट पोचलं, बरोबर आहे, पण आधी पोचत होतं जवळपास काहीच नाही, त्याच्या 20 पट.

माझ्याकडे एक पोरगा येतो, आई थर्मासमध्ये हळद-दूध घेऊन बसलेली असते. मी मनगटापासून तळव्याकडे बोटानं टकटक करत जातो, जिथं झिणझिण्या बोटांकडे पळतात तिथं पेनानं खूण करतो. पुढच्या महिन्यात खूण साधारण इंचभर पुढं. नस दिवसाला 1 मिलिमीटरच्या आसपास वाढते, तिला घाई नसते, घाई आपल्याला असते. आईला मी दूध बंद करा म्हटलं नाही, कशाला म्हणू, जेवणातल्या हळदीनं काही बिघडत नाही.

कॅप्सूलची गोष्ट वेगळी आहे. जास्त डोसच्या कर्क्युमिन गोळ्यांनी काही लोकांचं लिव्हर बिघडलेलं आहे, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय हात लावू नका.

आणि बधिर बोटांनी चहाचा कप उचलू नका राजेहो, दुसऱ्या हातानं गरम किती ते बघा आधी, भाजलेलं कळतच नाही. बोटं कडक होऊ नये म्हणून रोज हलवायची, ते कसं ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.