गोल्फच्या मैदानात भर घालायची ती कुणासाठी?

नमस्कार, श्रोतेहो.

सार्वजनिक गोल्फच्या मैदानावर नव्या सोयी करायचा प्रस्ताव आला की गावात वाद पेटतो. एक गट म्हणतो, मैदान तोट्यात आहे, तेव्हा दिवे लावा, ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे एका जागी उभं राहून लांब फटक्यांचा सराव करायची जागा, काढा, समारंभांसाठी हॉल बांधा, म्हणजे चार पैसे येतील. दुसरा विचारतो, थोड्या लोकांच्या खेळासाठी एवढी जमीन आधीच गेली आहे, त्यावर आणखी खर्च कशाला? आणि रोज खेळणारी मंडळी म्हणतात, आम्हाला यातलं काही नको, ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, नीट राखा आणि सकाळची वेळ मिळू द्या, एवढं पुरे.

मला तिघांचंही दुखणं कळतं. पण माझं मत मी आधीच सांगून टाकते. ज्या सोयीमुळे ही जमीन जास्त लोकांच्या वापरात येते, ती आधी व्हावी. जी सोय जमिनीचा तुकडा तोडून, कुंपण घालून बाजूला काढते, तिला सहजासहजी होकार देऊ नये. १८ होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून खळग्यापर्यंतचे १८ टप्पे असलेल्या मैदानाला साधारण १२० ते १५० एकर जागा लागते. वस्तीला लागून असलेली एवढी सलग मोकळी जमीन एकदा हातची गेली की परत मिळत नाही.

हा वाद आजचा नाही. गोल्फचं माहेर म्हणतात त्या स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचंच पाहा. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने गावाशी एक करार केला. समुद्रकाठच्या माळावर ससे पाळायची मुभा त्याला मिळाली, पण तिथे गोल्फ आणि फुटबॉल खेळायचा, गुरं चारायचा गावकऱ्यांचा हक्क शाबूत राहिला. पुढे १७९७ मध्ये नगरपरिषद कर्जात बुडाली आणि तिने हा माळ विकून टाकला. नव्या मालकांनी त्यावर सशांचा धंदा मांडला. बिळांनी जमिनीची चाळण झाली, खेळणं अवघड झालं आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात रखडलं. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती जागा विकत घेतली, तेव्हा कुठे खेळ वाचला. १८९४ मध्ये पार्लमेंटचा कायदा झाला आणि जमीन पुन्हा गावाच्या ताब्यात आली.

तोटा भरून काढायला म्हणून घेतलेला एक निर्णय फिरवायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. ‘उत्पन्न वाढेल’ हे शब्द कानावर आले की मला हे सगळं आठवतं.

त्याच गावाने भर घालायची चांगली रीतही दाखवली आहे. १८६७ मध्ये तिथे बायकांचा पटिंग क्लब निघाला. बायकांनी खांद्याच्या वर काठी उचलून फटका मारणं त्या काळी शोभत नाही असं समजत, म्हणून त्यांना चेंडू नुसता ढकलत न्यायची एक उंचसखल हिरवळ मिळाली. तिचं नाव ‘हिमालयाज’. आज थोडे पैसे भरून तिथे कुणीही खेळू शकतं. नातवंडं आणि आजी एकाच खेळात उतरतात, आधी काही शिकलेलं असावं लागत नाही. जागा थोडी, देखभाल बेताची, आणि खेळाचं दार सगळ्यांना उघडं. शिवाय तिथल्याच ओल्ड कोर्स या जगप्रसिद्ध मैदानावर, काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर, रविवारी गोल्फ बंद असतो. त्या दिवशी माणसं कुत्री घेऊन फिरतात, मुलं धावतात. त्यासाठी एक वीटही रचावी लागली नाही. वापराचा नियम बदलणं हीसुद्धा नवी सोयच आहे, आणि ती सर्वांत स्वस्त पडते.

तिथे चूकही झाली, अगदी अलीकडे. मैदानातला स्विल्कन पूल शेकडो वर्षांचा आहे, धनगर त्यावरून मेंढरं नेत. फोटो काढणाऱ्यांच्या पायांनी त्याच्या तोंडाशी गवत टिकेना, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे गोल फरसबंदी केली. अडचण खरी होती, पण लोकांना ते दृश्य सहन झालं नाही. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच दगड उखडावे लागले. आधी विचारलं असतं तर दगडही वाचले असते आणि मनस्तापही.

आता सगळ्यांत जास्त भांडण ज्यावरून होतं त्या ड्रायव्हिंग रेंजकडे वळू. तिच्यामागचा हिशेब चुकीचा नाही. मैदानावर दर १० मिनिटांनी चौघांना सोडलं तर तासाला २४ जण होतात, त्यापुढे आकडा जात नाही. १८ होल खेळायला चार तास लागतात. रेंजवर माणूस तासाभरात सराव करून जातो, नवशिक्याला कुणाच्या मागे रेंगाळल्याचा संकोच वाटत नाही. म्हणून तिथे पैसा येतो, आणि नवे खेळाडूही तिथेच घडतात.

पण चेंडू जातो कुठे, हे कुणीतरी मोजून दाखवलं पाहिजे. व्यावसायिक खेळाडूच्या फटक्यावर तो ताशी २७० किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण डोळ्याला लागला तर डोळा जातो. अडीचशे-तीनशे मीटर लांबीची जागा मिळाली नाही तर उंच खांबांवर जाळ्या येतात, आणि त्या शेजारच्या घरांच्या खिडक्यांसमोर उभ्या राहतात. रात्री चालवायची म्हटली की दिवे आले. झाकण असलेले, जमिनीकडे वळवलेले, उबदार रंगाचे आणि ठरलेल्या वेळी बंद होणारे दिवे हवेत. नाहीतर किडे दिव्यांवर झेपावून मरतात, रात्री फिरणाऱ्या पक्ष्यांची दिशा चुकते आणि शेजारच्या माणसांची झोप उडते. या अटी प्रस्तावात लेखी असतील तर मी रेंजच्या बाजूने उभी राहीन. ‘नंतर बघू’ असं उत्तर मिळालं तर नाही.

चालायच्या वाटेचंही असंच आहे. मैदानाच्या कडेने सगळ्यांसाठी वाट व्हावी असं मला मनापासून वाटतं. मात्र उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा फटका बहुतेक वेळा उजवीकडे वळतो. म्हणून वाट फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, उजवीकडून काढायची तर मध्ये भरपूर अंतर किंवा दाट झाडी लागेल. हे नकाशावर बसून कळत नाही. आखणी करणाऱ्याने रोज खेळणाऱ्यांना बरोबर घेऊन तिथे फिरायला हवं.

समारंभाच्या हॉलला माझा विरोध आहे. त्याला गोल्फ लागत नाही, मैदान लागत नाही, मोठी पार्किंगची जागा लागते. ती हिरवळ खाऊन होते आणि पावसाचं पाणी मुरायचं थांबतं.

स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, सावलीतले बाक, चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार, मुलांसाठी आखूड होल, यांना कुणी विरोध करत नाही, आणि म्हणूनच बहुधा ही कामं यादीत शेवटी ढकलली जातात. ती आधी व्हावीत.

राहिला दराचा प्रश्न. सोयी वाढल्या की शुल्क वाढतं आणि ज्यांच्या करातून मैदान उभं राहिलं तेच बाहेर पडतात. न्यूयॉर्क राज्याच्या मालकीच्या बेथपेज ब्लॅक या मैदानावर २००२ मध्ये यू. एस. ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली, तरी राज्यातल्या रहिवाशांसाठी तिथे बाहेरच्यांपेक्षा बराच कमी दर आजही आहे. एवढी मोठी स्पर्धा भरवणाऱ्या मैदानाला हे जमतं, तर इतरांनाही जमायला हवं.

सुनावणीची तारीख लागली की हरकती आणि सूचना लेखी द्या. बांधकामाचा खर्च प्रत्येक जण सांगतो, तुम्ही पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा मागा. दिवे, जाळ्या, पंप यांची दुरुस्ती कुणाच्या खिशातून होणार, रहिवाशांचा दर किती वर्षं गोठवणार, आणि काम चालू असताना किती होल बंद राहणार, हेही विचारा. उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या.

नमस्कार.