आळंदीचा प्रसाद आणि सरहद्दीपलीकडचा दवाखाना

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'उपचारांसाठी सरहद्द ओलांडणारे लोक' असा इतक्या सोज्वळपणे छापला आहे, की मी चेन्नईतल्या यकृतरोपणाविषयी बोलणार, असे पहिल्या रांगेतल्या काही मंडळींना वाटले असावे. मी मुख्यतः गर्भपाताविषयी बोलणार आहे. ज्यांना उठायचे असेल त्यांनी आताच उठावे. नंतर उठणाऱ्यांना मधुमेह आहे असे मी समजेन.

माझे म्हणणे असे, की एखाद्या देशाने गर्भपाताला बंदी केली तरी गर्भपात व्हायचे राहत नाहीत. ते शेजारच्या देशात होतात आणि उशिरा होतात. प्रवासाचे पैसे, कागदपत्रे आणि घराबाहेर पडायला सबब नसलेल्या स्त्रिया तेवढ्या मागे राहतात. बंदी घालणाऱ्या सरकारला हे पुरते ठाऊक असते, किंबहुना शेजाऱ्याच्या दवाखान्याच्या भरवशावरच त्याची बंदी निभते.

युरोपात जाण्यापूर्वी मात्र आपल्याला आळंदीला जावे लागेल.

1980च्या सुमारास मी पुण्यातल्या एका लहानशा प्रसूतिगृहात काम करीत होते. वैद्यकीय गर्भपाताचा 1971चा कायदा 1 एप्रिल 1972पासून लागू झालेला होता, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. तरीही सातारा, नगर, सोलापूरकडच्या बायका आमच्याकडे येत, कारण गावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर कुणाचा तरी चुलतदीर असे. घरी काय सांगून आलात, असे विचारले की उत्तर ठरलेले असे : आळंदीला. (पुण्याला अशा सबबी नव्या नव्हत्या. दिवस गेलेल्या विधवेला काशीयात्रेला धाडण्याची ऐपत प्रत्येक घराची नव्हती, म्हणून तर 1863मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंना याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले.)

आमच्याकडे एक आयाबाई होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणत. माउलींच्या दर्शनाला गेलेली सून रिकाम्या हाताने परतली तर सासू काय समजायचे ते समजेल, हे आम्हा डॉक्टरांच्या नव्हे, मावशींच्या ध्यानात आले. त्यांनी औषधांच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक डबा ठेवला. त्यात चुरमुरे, बत्तासे, बुक्क्याच्या पुड्या आणि दोन-चार तुळशीच्या माळा असत. क्युरेटिंग झालेल्या बाईला संध्याकाळच्या एसटीत बसवण्याआधी मावशी तिच्या कपाळाला बुक्का लावीत. देवाच्या नावाने हे खोटे कशाला, असे मी एकदा म्हणाले. "डॉक्टरीणबाई, मी दर एकादशीला आळंदीला जाते. चुरमुरे तिथलेच आहेत," असे म्हणून त्यांनी डब्याचे झाकण लावले.

एका बाईला रक्तस्राव अधिक झाला, तिला दोन रात्री ठेवून घ्यावे लागले आणि तिचा दीर तिला शोधत खरोखरच आळंदीला गेला. पुढे घरी काय घडले, ते मला कधीच कळले नाही. परंतु तिचे दिवस इतके पुढे का गेले होते, ते मला ठाऊक आहे. ती तीन आठवड्यांपूर्वी आली होती, तेव्हा नवऱ्याची सही आण, असे सांगून मी तिला परत पाठवले होते. कायद्यात नसलेली ती चौकी मी स्वतः उभी केली होती, आणि ती पुढे कित्येक वर्षे चालवली.

आता युरोप. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात मुलांचा दूरदर्शन कार्यक्रम सादर करणाऱ्या शेरी फिंकबाइन यांनी 1962मध्ये गरोदरपणात नवऱ्याने युरोपातून आणलेल्या थॅलिडोमाइडच्या, म्हणजे गर्भात व्यंग निर्माण करणाऱ्या औषधाच्या, गोळ्या घेतल्या. इतर बायकांना सावध करावे म्हणून त्यांनी वृत्तपत्राला ही हकिगत सांगितली, तर गवगवा होऊन रुग्णालयाने ठरलेली शस्त्रक्रियाच रद्द केली. जपानचा व्हिसा मिळाला नाही, म्हणून त्या स्वीडनला गेल्या. गंमत पाहा, त्याच दशकात स्वीडनच्या स्त्रिया आपल्याकडची परवानगीची किचकट व्यवस्था चुकवून पोलंडला जात होत्या, कारण पोलंडने 1956मध्येच कायदा सैल केला होता. स्वीडनने 1975पासून आपला कायदा बदलला. पोलंडने 1993मध्ये तो आवळला, आणि ऑक्टोबर 2020मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातील व्यंगाचे कारणही रद्द केले, म्हणजे नेमके फिंकबाइनबाईंचे कारण. आज पोलिश स्त्रिया जर्मनीला, नेदरलँड्सला, चेक प्रजासत्ताकाला जातात. सरहद्दी बहुतेक जुन्याच आहेत. वाटसरूंची दिशा तेवढी बदलली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली असे तीत लिहिले आहे, आणि आयर्लंड तर अजून सुरूही झाले नाही.

आयर्लंडने 1983मध्ये बंदी थेट राज्यघटनेत घातली. 1992मध्ये बलात्कारातून गरोदर राहिलेल्या 14 वर्षांच्या मुलीला देश सोडण्यास न्यायालयाने मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, आणि त्याच वर्षी सार्वमताने घटनेत परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य लिहिले गेले. म्हणजे इथे करू नका, इंग्लंडला जाऊन करा, असे एका राज्यघटनेनेच सांगितले! पण निर्वासित म्हणून आश्रय मागणाऱ्या स्त्रीला परत येण्याचा व्हिसा लागे. आणि बेळगावात माहेर असलेल्या सविता हलप्पनवार ऑक्टोबर 2012मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात 17व्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे कळल्यावर गर्भपात मागत होत्या. तो नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने त्या गेल्या. पोटात कळा असताना कुणी विमानतळ गाठत नाही. 2018च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी ते कलम काढून टाकले. नव्या कायद्याने 12 आठवड्यांपर्यंत कारण विचारले जात नाही; त्यापुढच्या अनेकजणी अजूनही इंग्लंडला जातात.

आपल्याकडे येणाऱ्यांविषयी बोलायचे राहिलेच. 2002पूर्वी नेपाळच्या स्त्रियांना गर्भपातासाठी तुरुंगवास होई आणि ज्यांना जमे त्या भारतात येत. सरोगसीसाठी परदेशी जोडपी आणंदला येत, ते 2015मध्ये बंद झाले. आता तर बाई घरी बसते आणि गोळ्या सरहद्द ओलांडतात : डच डॉक्टर रिबेका गोम्पर्ट्स यांनी 2018मध्ये अमेरिकन स्त्रियांसाठी सेवा सुरू केली, तेव्हा गोळ्या भारतातून टपालाने जात. त्या पाकिटांसोबत बुक्क्याची पुडी नसे, एवढेच. अध्यक्ष आता उभेच राहिले आहेत, तेव्हा सरोगसीचा उरलेला भाग कुणी विचारलाच, तर प्रश्नोत्तरांत सांगते.