शेवटच्या गाण्यापर्यंत पोहोचणारी सुई

ठाण्यात, नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका घराच्या बैठकीच्या खोलीत लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक गटाची १९७१ सालची चौथी तबकडी वाजते आहे. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे, ‘स्टेअरवे टू हेवन’, मंद गिटारने सुरू होते आणि त्याचा सर्वांत घणाघाती भाग नेमका मधल्या कागदी लेबलाजवळ येतो. तिथे पोहोचताच गायकाचा आवाज फाटू लागतो आणि झांजा खरखरतात. घरातील गृहस्थांनी आधी स्पीकर तपासून घेतले, मग अँप्लिफायर बदलून पाहिला. दोष मात्र सुईच्या टोकाशी होता.

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर (संगीत कोरलेली बारीक खाच) सरकतो, तर लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे एका सेकंदाचे संगीत तिथे निम्म्याहून कमी जागेत कोंबलेले असते आणि चराची वळणे इतकी दाट होतात की, साधारण १५ ते १८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) त्रिज्येचे गोलसर टोक त्यांत नीट शिरतच नाही. लंबवर्तुळाकार टोकाची कड ८ मायक्रॉनच्या आसपास असल्याने ते पुष्कळ आत उतरते. मायक्रोलाइन आणि शिबाटा ही टोके त्याहून धारदार आहेत. शिबाटा तर १९७०च्या दशकात चार चॅनेलच्या तबकड्यांवरील ४५ किलोहर्ट्झपर्यंतचे संकेत वाचता यावेत म्हणून जपानमध्ये घडवले गेले.

रॉकसाठी ‘दणकेबाज’ कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा छोटा भाग) घ्यावे, असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यात अर्धेच तथ्य आहे. डेनॉनचे डीएल-१०३ हे १९६०च्या दशकातील मूव्हिंग कॉइल (सुईबरोबर तारेची गुंडाळी हलणारे) कार्ट्रिज अनेक रॉकप्रेमींचे लाडके आहे, कारण त्यातून ढोल आणि बेस गिटार भरीव ऐकू येतात. परंतु त्याचे टोक गोलसरच असल्यामुळे शेवटच्या गाण्याची अडचण ते सोडवत नाही. शिवाय त्यातली सुई ताठ बसवलेली असल्याने त्याला जड टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) लागतो, आणि त्याचा जेमतेम ०.३ मिलिव्होल्टचा संकेत वाढवण्यासाठी वेगळी सोय करावी लागते. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणारे) कार्ट्रिज ३ ते ६ मिलिव्होल्ट देते आणि साध्या फोनो प्रीअँप्लिफायरवर (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्रावर) चालते. त्याची सुई घरीच ओढून काढता व बसवता येते. मूव्हिंग कॉइलची सुई झिजली, तर बहुधा अख्खे कार्ट्रिज कारखान्याकडे धाडावे लागते.

टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी जमली पाहिजे, हे दुकानात क्वचितच कोणी सांगते. दोघांची मिळून होणारी कंपने ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान राहिली, तर मे महिन्याच्या उन्हाने किंचित वाकलेली तबकडीही सुई सांभाळून घेते.

या घरातील निम्म्या तबकड्या मुंबईच्या चोरबाजारातून आलेल्या आहेत, आणि त्यांतील कित्येकींवर पूर्वी जड सिरॅमिक कार्ट्रिजची सुई फिरलेली आहे. धारदार टोक चराच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, त्यामुळे कधी कधी न झिजलेला भाग त्याच्या वाट्याला येतो. कधी उलटे घडते, आणि खोलवर बसलेली सगळी घाण मोठ्याने ऐकू येते.

गृहस्थांनी अखेर ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम९५ हे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज निवडले, कारण त्याच्या एकाच सांगाड्यावर गोलसरपासून शिबाटापर्यंतच्या सुया बसतात. त्यांनी मायक्रोलाइन घेतली, चरावरचा सुईचा भार दोन ग्रॅम ठेवला, आणि कागदी मोजपट्टीवर कार्ट्रिजचा कोन लावण्यात रविवारची अख्खी दुपार घालवली. कोनच चुकला असेल, तर महागडी सुईसुद्धा लेबलाजवळ खरखरतेच, म्हणून ती दुपार वाया गेली असे म्हणता येणार नाही.

आता तेच गाणे पुन्हा लावले आहे. झांजा सुट्या झाल्या आहेत आणि गायकाचा वरचा स्वर फाटत नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात खरखर अजूनही आहे, कारण तिथे चरच झिजलेला आहे. त्या गृहस्थांनी दुसऱ्या प्रतीचा शोध सुरू केला आहे.