थंब लावला, पावती कुठे? वस्तीतल्या रेशन समितीचं काम

[दृश्य : रेशन दुकानाचा ओटा. अंगठा जुळवून धान्याची नोंद करणाऱ्या पॉस मशिनच्या काचेवर टेकलेला अंगठा.]

अंगठा टेकतो. मशिन वाजतं आणि जुळत नाही म्हणून सांगतं. अंगठा पदराला पुसून पुन्हा टेकतो. भांडी, धुणी आणि सिमेंट करून झिजलेल्या बोटांवर रेषा फार उरलेल्या नसतात. तिसऱ्या खेपेला दुकानातून ऐकू येतं, "थंब लागत नाही मावशी, उद्या या." उद्या येणं म्हणजे आणखी एक खाडा.

बरीच माणसं इथूनच परत फिरतात. रेशन समितीत बसणारी बाई ओट्यावरून हलत नाही. ती आधी दुसरं बोट लावून बघते. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो, म्हणून लेकाला नाहीतर सुनेला बोलावते. मशिनमध्ये सोय असेल आणि आधारला मोबाइल जोडलेला असेल, तर ओटीपी मागते. यातलं काहीच जमलं नाही, तर दुकानातली तक्रारवही मागून त्या दिवसाची तारीख, वेळ आणि कारण लिहिते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्यामागे २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेला अन्न अधिकाराचा खटला होता आणि गावोगावच्या संघटनांचे मोर्चे होते. महाराष्ट्रात रेशनिंग कृती समिती आणि अन्न अधिकार अभियानानं हे काम वर्षानुवर्षं केलं. वस्तीतली समिती त्याच कामाचं शेवटचं टोक आहे. पाच-पंधरा बायका, दोन-चार पुरुष, एक वही आणि आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ, एवढ्यावर ती चालते.

[दृश्य : चटईवर पसरलेली कार्डं, पिवळी आणि केशरी.]

पहिल्या बैठकीला येताना स्वतःचं कार्ड आणा. पहिलं काम हिशेबाचं असतं. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कायद्याच्या यादीत निवडलेल्या गरीब घराला, माणशी ५ किलो मिळतं, म्हणजे सहा माणसं असतील तर ३० किलो. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला माणसं कितीही असली तरी ३५ किलो. घरात आठ माणसं असतील तर अंत्योदयात उलट ५ किलो कमी पडतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. जानेवारी २०२३ पासून हे गहू-तांदूळ मोफत आहेत. गहू किती आणि तांदूळ किती, हे सरकार बदलत असतं, त्यामुळे दर महिन्याला दुकानाचा फलक वाचायचा.

मग कार्डावरची नावं आणि ऑनलाइन नोंद ताडून पाहायची. खरी गळती इथे होते. कार्डावर सहा नावं दिसतात आणि संगणकात चारच असतात, त्यामुळे दोघांचं धान्य येतच नाही. कधी आधारवरचं स्पेलिंग जुळत नाही, कधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहून गेलेलं असतं, कधी लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमीच झालेलं नसतं. माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरी नाव चढत नाही. दुकानदाराशी भांडून यातलं काहीच सुटत नाही. हे काम शहरात शिधावाटप कार्यालयाचं आणि गावात तहसीलच्या पुरवठा शाखेचं आहे.

[दृश्य : तराजू जवळून. वर रिकामा डबा. आकडा.]

दुकानदाराची जबाबदारी असते ती इथे. डबा ठेवल्यावर आकडा शून्य झाला का ते बघा. धान्य ओतायच्या आधी बघायचं, नंतर नाही. डब्याचं वजन तसंच राहिलं, तर प्रत्येक मापाला तेवढं धान्य तुमच्या पिशवीतून जातं. तराजूवर वैधमापन, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या विभागाचा शिक्का असतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. शिक्क्यावरचं वर्ष वाचा.

आणि पावती मागा. मशिनमधून निघालेल्या त्या बोटभर कागदावर किती किलो दिलं ते छापलेलं असतं. पावतीवर ३० आणि पिशवीत २६, असं असेल तर चार किलोचा पुरावा तुमच्या हातात आहे. "रोल संपलाय" म्हणाले, तर तेवढंच तारीख घालून वहीत लिहा. एका घराची एक पावती हरवते, पण वीस घरांच्या तीन महिन्यांच्या पावत्या फाइलला लागल्या की पुरवठा निरीक्षकाला दुकानात यावंच लागतं. दुकान, तालुका आणि जिल्हा अशा पातळ्यांवर कायद्यानं दक्षता समित्याही सांगितल्या आहेत. त्यांची बैठक कधी झाली, एवढं विचारलं तरी पुष्कळदा फाइल हलते.

सगळ्यात चिवट अडचण म्हणजे इष्टांक, किती माणसांना धान्य द्यायचं त्याचा ठरलेला आकडा. महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आहे आणि ती २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. त्यानंतर वस्त्या वाढल्या, माणसं वाढली, आकडा तोच राहिला. म्हणून केशरी कार्ड हातात असूनही धान्य मागितलं की "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर मिळतं. त्यात कायदा लागू करताना राज्यानं ठरवलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये. शहरातला आकडा महिन्याला पाच हजारही भरत नाही. एवढ्यात मुंबईत खोलीचं भाडं तरी निघतं का?

तरीही अर्ज द्यायचाच. मृतांची आणि स्थलांतरितांची नावं कमी झाली की जागा होते, आणि ज्यांचा अर्ज दप्तरात आहे त्यांनाच ती मिळू शकते. अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अधिसूचित, म्हणजे सरकारनं जाहीर केलेल्या सेवेला मुदत असते आणि ती उलटली की अपील करता येतं. माहिती अधिकारात विचारायचं असेल तर अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडला की तेही माफ.

[दृश्य : कार्यालयाबाहेरची रांग. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.]

समित्या मोडतात त्या बहुतेक एकाच कारणानं. एखादी ताई हुशार निघते, सगळ्यांची कार्डं घेऊन तीच कार्यालयात जाऊ लागते. वर्षभरात लोक तिला "कामं करून देणारी" म्हणू लागतात, कुणीतरी रिक्षाभाडं म्हणून शंभर रुपये हातावर ठेवतं, आणि समितीचा एजंट होतो. म्हणून नियम कडक ठेवावे लागतात. मूळ कार्ड कुणाकडे द्यायचं नाही, फक्त झेरॉक्स. ज्याचा अर्ज त्यानं स्वतः यायचं, सोबत समितीतल्या दोघी. एक बोलते, दुसरी लिहून घेते. सभासद वर्गणीची पावती फाडायची. कामाचे पैसे घ्यायचे नाहीत.

घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वात मोठ्या बाईला कायद्यानं कुटुंबप्रमुख धरलं आहे. म्हणून खिडकीशी सासू उभी राहते. सून मागे वही घेऊन असते.

[दृश्य : वहीचं पान जवळून.]

वहीत रकाने पाच : नाव, कार्ड नंबर, अडचण, आवक क्रमांक, पुढची तारीख. बैठकीची सुरुवात पाचव्या रकान्यापासून होते. ज्यांची तारीख उलटली त्यांची नावं मोठ्यानं वाचली जातात आणि उद्या कोण कोणासोबत जाणार ते तिथेच ठरतं.